कॉफी महागली की काय बघायचं, काय विचारायचं, किती घ्यायची

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका गल्लीत माझं कॉफी दळून द्यायचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते सुरू केलं तेव्हा मुख्य गिऱ्हाईक म्हणजे रिफायनरी आणि खत कारखान्याच्या कॉलनीतली तमिळ, मल्याळी कुटुंबं. मराठी माणसं यायची ती एकादशीच्या आदल्या दिवशी. उपासाला चहा चालत नाही आणि कॉफी चालते, हा नियम कुठल्या पोथीत आहे ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही, पण त्या नियमावर आमच्या घरी बरीच वर्षं भाजी आली.

आता बारा महिने सगळेच येतात आणि सगळे एकच विचारतात, "काकू, परत वाढला भाव?" वाढला. का वाढला, उतरेल का, आता जास्त घेऊन ठेवू का, स्वस्तातली घेतली तर चालेल का, हे गल्ल्यावर उभं राहून प्रत्येकाला सांगत बसले तर मागे रांग लागते. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. मी विकणारी आहे हे लक्षात ठेवून वाचा. तरीही यातल्या निम्म्या गोष्टी केल्यात तर तुम्ही माझ्याकडून कमीच कॉफी न्याल.

भाव ठरतो कुठे

कॉफी मुख्यतः दोन जातींची. अरेबिका थंड हवेची, आपल्याकडे साधारण हजार ते दीड हजार मीटर उंचीवर लागते. रोबस्टा त्याच्या खालच्या उतारावर, जरा जास्त उष्मा सोसणारी. भारतात वर्षाला साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी होते. त्यातली सत्तर टक्क्यांच्या आसपास रोबस्टा, आणि एकूण पिकापैकी सत्तरेक टक्के एकट्या कर्नाटकातलं, म्हणजे कोडगू, चिकमगळूर, हासन. बाकी केरळचं वायनाड, तामिळनाडूचे डोंगर, आंध्रातलं अराकू. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की यातला मोठा हिस्सा परदेशी जातो. म्हणून कोडगूच्या मळेवाल्याला जो भाव मिळतो तो बेंगळुरूत ठरत नाही. अरेबिकाचा न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात ठरतो, रोबस्टाचा लंडनच्या. त्या दोन्ही बाजारांची नजर असते ब्राझील आणि व्हिएतनामवर. जगातली एक तृतीयांशाहून जास्त कॉफी ब्राझीलची. रोबस्टात व्हिएतनाम सगळ्यांत पुढे.

म्हणून तिकडे हवा बिघडली की इकडे माझी पाटी बदलते. हे नवीन नाही. १९७५ च्या जुलैमध्ये ब्राझीलच्या पराना भागात असं कडक हिमतुषार पडलं की बागाच्या बागा काळ्या पडल्या, आणि १९७७ साली न्यूयॉर्कचा भाव तेव्हाच्या उच्चांकाला गेला. तो उच्चांक मोडला २०२४ च्या डिसेंबरात. मधल्या काळात २०२१ च्या जुलैमध्ये परत हिम, मग २०२४ मध्ये ब्राझीलला दुष्काळ, त्याच सुमाराला व्हिएतनाममध्ये पाण्याची टंचाई. तिथले शेतकरी कॉफी काढून ड्युरियन लावायला लागले होते, कारण त्या फळाला चीनकडून पैसा चांगला येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत अरेबिका पाउंडाला चार डॉलरच्या वर गेली, रोबस्टा टनाला पाच हजार डॉलरच्या वर.

फरक इतकाच, की पूर्वी वाईट वर्ष एखादं यायचं आणि मधे सावरायला वेळ मिळायचा. आता सावरायच्या आत दुसरं येतं. झाड लावल्यापासून पहिलं पीक घ्यायला तीन-चार वर्षं लागतात, त्यामुळे भाव चढला म्हणून पुढच्या हंगामात माल वाढला, असं कॉफीत होत नाही. कांद्यात होतं. कॉफीत चढलेला भाव बऱ्याचदा लवकर उतरत नाही.

झाडाला नक्की काय होतं

मी ज्यांच्याकडून बी मागवते ते कोडगूत सोमवारपेठच्या बाजूचे. फेब्रुवारी उजाडला की फोनवर आमचं बोलणं एकाच गोष्टीवर असतं, पाऊस पडला का. तिकडे कळ्या थंडीत तयार होऊन बसलेल्या असतात, पण पाण्याशिवाय उमलत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोबस्टाला आणि थोडं पुढे, एप्रिलपर्यंत अरेबिकाला एक चांगली सर लागते. त्याला ते लोक ब्लॉसम शॉवर म्हणतात. सर पडली की साधारण आठ-दहा दिवसांनी सगळी बाग एकदम फुलते. एका मार्चमध्ये मी तिथे होते. फांदीच्या प्रत्येक पेऱ्यावर पांढऱ्या फुलांचा गुच्छ, पान दिसेनासं, वास जाईच्या जवळचा पण जरा जड, आणि मधमाशांचा आवाज इतका की घरात बसून ऐकू येतो. तीन-चार दिवसांत ते सगळं तपकिरी होऊन गळतं. वर्षभराचं पीक त्या तीन-चार दिवसांत ठरलेलं असतं.

आता बघा काय काय बिघडू शकतं. सर आलीच नाही तर कळ्या वाळतात. हलकी भुरभूर झाली तर अर्ध्या उमलतात, अर्ध्या राहतात, मग फळं वेगवेगळ्या वेळी पिकतात आणि तोडणीला माणसं दोनदा-तीनदा लावावी लागतात. फूल उमललेलं असताना पाऊस झोडपून गेला तर परागच धुऊन जातो. रोबस्टाला तर दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, त्यामुळे तिला हे फार बाधतं. फुलानंतर काही आठवड्यांनी आणखी एक सर लागते, बॅकिंग शॉवर, ती चुकली तर धरलेलं फळ टिकत नाही. ज्यांच्याकडे तळं आणि स्प्रिंकलर आहेत ते रोबस्टाला स्वतःच पाणी मारून फूल आणतात. पण आपल्याकडे कॉफीचे बहुतेक सगळे मळेवाले छोटे, दहा हेक्टरच्या आतले. तळं सगळ्यांकडे कुठून असणार, आणि मार्चपर्यंत तळ्यात पाणी तरी कुठून राहणार?

मग जून ते ऑगस्ट. अति पाऊस झाला की पानं-फळं काळी पडून कुजतात, तिकडे त्याला कोळेरोग म्हणतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कोडगूत दरडी कोसळल्या, कॉफीचे उतारच्या उतार खाली आले. २०२४ च्या ३० जुलैला वायनाडमध्ये मुंडक्कई-चूरलमलाची दरड कोसळली. तो भागही मळ्यांचाच. गेलेलं झाड भाव चांगला आला म्हणून परत येत नाही.

अरेबिकाला आणखी एक दुखणं आहे, पांढरा खोडकिडा. ऊन लागलेल्या खोडाच्या सालीत मादी अंडी घालते, अळी आत शिरून खोड पोखरते, आणि ते झाड उपटून जाळण्याशिवाय इलाज नसतो. उष्मा वाढला, सावली कमी झाली की हा किडा फोफावतो. म्हणून आपले जुने मळेवाले कॉफीवर सिल्व्हर ओक, फणस अशी झाडं ठेवतात आणि त्यांच्यावर मिरीचे वेल चढवतात. सावलीही मिळते आणि कॉफी बुडाली तर मिरी हात देते. भारतातली कॉफी बहुतेक सगळी सावलीतली आहे, ही आपली जमेची बाजू.

शेवटी नोव्हेंबर ते फेब्रुवारी तोडणी. फळ अंगणात वाळत घातलेलं आणि अवकाळी पाऊस, हे हल्ली वारंवार ऐकते. पिकलेलं फळ झाडावरच फुटतं, खाली पडतं, वाळवणाला बुरशी धरते. अशा वर्षी माल येतो, पण त्याला ओलसर पोत्याचा वास असतो. तो कितीही भाजा, कपात उतरतोच.

"कॉफी नामशेष होणार" अशा मथळ्यांची कात्रणं गिऱ्हाईक मला आणून दाखवतात. २०१५ च्या एका अभ्यासात म्हटलं होतं की २०५० पर्यंत कॉफीला योग्य असलेली जमीन जगभरात निम्मी होईल. लक्षात घ्या, योग्य जमीन, कॉफी नव्हे. मळेवाले उंचावर सरकतील, अरेबिका काढून रोबस्टा लावतील, सावली वाढवतील, नवे वाण घेतील. चिकमगळूरजवळ बाळेहोन्नूरला कॉफीचं संशोधन केंद्र १९२५ पासून हेच काम करतं. पण डोंगराला शेंडा असतो, वर सरकायला जागा संपते, आणि शेंड्यावर बहुतेक ठिकाणी जंगल आहे. तेव्हा कॉफी मिळेल, स्वस्त मिळेल असं मात्र धरून चालू नका.

बातमी वाचून अंदाज कसा घ्यायचा

फार काही लागत नाही. चार वेळा पेपरात डोकवायचं. फेब्रुवारी ते एप्रिल कोडगू-चिकमगळूरचा पाऊस. जून ते ऑगस्ट ब्राझीलचा हिवाळा, हिम पडलं का. सप्टेंबर-ऑक्टोबर ब्राझीलची फुलं, तिकडे पाऊस वेळेवर आला का. नोव्हेंबर ते जानेवारी आपली आणि व्हिएतनामची तोडणी, पाऊस मधे आला का. यातलं काही बिघडलं की न्यूयॉर्क-लंडन त्याच दिवशी उडी मारतात. माझ्या दुकानात ते यायला दोन-तीन महिने जातात, कारण माझ्याकडे जुन्या भावाचा माल असतो. उतरताना तेच उलटं. २०२५ च्या मध्यापर्यंत लंडनचा भाव बराच खाली आला होता आणि लोक पेपर घेऊन माझ्याशी भांडायला आले. अहो, मी मार्चमध्ये चढ्या भावानं घेतलेलं पोतं जुलैत दळत होते. ते संपल्याशिवाय पाटी कशी पुसू?

पेपरातले आकडे रुपयांत कसे आणायचे तेही सांगते. न्यूयॉर्कचा भाव पाउंडाला असतो, पाउंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या वर थोडं. चार डॉलर पाउंड म्हणजे किलोला पावणेनऊ डॉलरच्या जरा वर, डॉलर पंच्याऐंशीचा धरला तर साडेसातशे रुपये. लंडनचा टनाला असतो, पाच हजार डॉलर म्हणजे किलोला पाच डॉलर, सव्वाचारशे रुपये. हे सगळं कच्च्या, हिरव्या बियांचं.

आपल्या मळ्यांचा भाव पन्नास किलोच्या पोत्याला सांगतात, आणि इथेच सगळे फसतात. अरेबिका पार्चमेंट म्हणजे फळाचा गर काढून धुतलेलं बी, वरचं पातळ टरफल अजून अंगावर. समजा ते पंचवीस हजार रुपये पोतं आहे. लोक पन्नासनं भागतात, पाचशे रुपये किलो, आणि मला म्हणतात तुम्ही दुप्पट लावता. टरफल काढलं की पन्नासाचे चाळीस किलो उरतात. म्हणजे सव्वासहाशे झाले. भाजताना पाणी उडतं, पंधरा-अठरा टक्के वजन जातं, उरले तेहतीस-चौतीस किलो. झाले साडेसातशे. अजून ट्रकचं भाडं, जीएसटी, वीज, दुकानाचं भाडं, दळायच्या घंटीची दुरुस्ती आणि माझ्या पोटाचे धरायचेत.

रोबस्टा चेरी म्हणजे अख्खं फळ तसंच वाळवलेलं, त्यातून बी निघतं जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त. बारा हजारांचं पोतं असेल तर स्वच्छ बी साधारण साडेचारशे रुपये किलोला पडतं, भाजून साडेपाचशेच्या आसपास.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. त्याचा खरा उपयोग भाव जास्त लावणाऱ्याला पकडण्यापेक्षा कमी लावणाऱ्याला पकडायला होतो. पोत्याचा भाव असा असताना कोणी "शुद्ध अरेबिका, सहाशे रुपये किलो" विकत असेल तर त्या पाकिटात अरेबिकाबरोबर आणखी काहीतरी आहे.

पाकिटात काय आहे ते कसं विचारायचं

ते आणखी काहीतरी बहुतेक वेळा चिकोरी असतं. तिला वाईट म्हणणाऱ्यांतली मी नाही. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, ते कापून, वाळवून, भाजून दळतात. आपल्या दारातलंच आहे, आणंद आणि खेडा जिल्ह्यांच्या बाजूला आणि जामनगरकडे ते होतं. तिच्यामुळे डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या दाट अर्काला, रंग आणि अंग येतं, दुधातही कॉफी दबत नाही. ती ब्राझीलच्या थंडीवर अवलंबून नाही आणि कॉफीच्या मानानं खूपच स्वस्त. म्हणूनच कॉफी महागली की पाकिटातली चिकोरी गुपचूप वाढते. भाव तोच ठेवायचा, आतलं बदलायचं. गिऱ्हाईक खूश, की अमक्याकडे अजून जुनाच दर आहे.

आकडे बघा. भाजलेली कॉफी आठशे धरा, चिकोरी दोनशे. ऐंशी-वीसचं मिश्रण सहाशे ऐंशीला पडतं. साठ-चाळीसचं पाचशे साठला. किलोमागे एकशेवीस रुपये, आणि दुधाच्या कपात हा फरक पहिल्या घोटाला बऱ्याच जणांना कळतही नाही.

नियम असा, की चिकोरी मिसळलेल्या कॉफीत निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलं पाहिजे. ते बऱ्याचदा बारीक अक्षरांत असतं. शोधा. मागच्या वर्षीचं रिकामं पाकीट घरात असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. सुटी घेत असाल तर दुकानदाराला सरळ विचारा, "चिकोरी किती टक्के?" आणि शक्य असेल तर बी तुमच्यासमोर वजन करून, चिकोरी वेगळी वजन करून मग दळायला लावा. चांगला दुकानदार रागावत नाही. जो "काळजी करू नका बेन, आमचं स्पेशल मिक्स आहे" म्हणतो त्याच्याकडून पन्नास ग्रॅमच घ्या.

घरी बघायची एक सोपी रीत आहे. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या, हलवू नका. वरून चिमूटभर पूड भुरभुरा. कॉफीची पूड तेलकट असते, ती बराच वेळ वर तरंगते. चिकोरी लगेच बुडायला लागते आणि बुडताना मागे तपकिरी रेघा सोडत जाते, पेल्याच्या तळापर्यंत. "शुद्ध" लिहिलेल्या पाकिटातून अशा रेघा निघाल्या तर काय ते समजलं. टक्के मात्र यातून कळत नाहीत, फक्त आहे की नाही ते कळतं.

दुसरा प्रश्न, बी कुठलं. इथे माझं मत बऱ्याच गिऱ्हाइकांना पटत नाही. फिल्टरची दुधाळ कॉफी पिणाऱ्यानं शुद्ध अरेबिकासाठी जादा पैसे देऊ नयेत. अरेबिकाची नाजूक आंबट-गोड चव भरपूर दुधात आणि दोन चमचे साखरेत जाते कुठे? चांगली धुतलेली रोबस्टा निम्मी, अरेबिका निम्मी, वर दहा-पंधरा टक्के चिकोरी, हे रोजच्या कपाला उत्तम. आणि आपली मराठी कॉफी, दूध-साखर-जायफळ घालून पातेल्यात उकळलेली, तिला तर सगळी रोबस्टा घ्या. जायफळ आणि वेलदोडा घातल्यावर प्लँटेशन ए, म्हणजे धुतलेली अरेबिका, कुठली आणि चेरी कुठली हे ओळखून दाखवणाऱ्याला मी अर्धा किलो फुकट देईन. फक्त एक लक्षात ठेवा, रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं. सासूबाईंना संध्याकाळी सहानंतर देत असाल तर पूड कमी करा, नाहीतर रात्री भजनं ऐकावी लागतील.

पीबेरीचंही तसंच. फळात दोनाऐवजी एकच गोल बी धरलं की ती पीबेरी. दिसायला छान, भाजायला एकसारखी. जादा पैसे द्यायचे तर हौस म्हणून द्या.

बिनदुधाची पिणाऱ्यांचा हिशेब वेगळा, त्यांनी चांगली अरेबिकाच घ्यावी आणि थोडी घ्यावी.

तिसरा प्रश्न, भाजली कधी. पॅकिंगची तारीख नको, भाजल्याची तारीख. पूड करून ठेवलेली दोन-तीन आठवड्यांत मरते, अख्खं भाजलेलं बी महिना-दीड महिना चांगलं राहतं. शिळी कॉफी स्वस्तात घेतली तर कपाला दीडपट पूड लागते, मग स्वस्त कसली?

इन्स्टंटवाल्यांसाठी एवढंच, की तीही बहुतांशी रोबस्टाच असते आणि तिच्यातही बऱ्याचदा चिकोरीचं मिश्रण असतं, तेव्हा बरणीचं लेबल वाचा. २०२५ च्या सप्टेंबरात इन्स्टंटवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला.

किती घ्यायची, साठवायची का

भाव वाढणार म्हणून लोक दोन-दोन किलो पूड नेतात. नेऊ नका. फिल्टरच्या एका कपाला दहा ग्रॅम पूड धरली तर किलोत शंभर कप होतात. किलोला दोनशे रुपये वाढले तर कपाला दोन रुपये. त्याच कपात दुधाचे सहा-सात रुपये जातात आणि त्याबद्दल कोणी पेपर घेऊन भांडायला जात नाही. त्या दोन रुपयांसाठी पुढचे चार महिने बेचव कॉफी प्यायची, यात शहाणपण काय? दोघांच्या घरात अडीचशे ग्रॅम पुरे, पावसाळ्यात त्याहून कमी.

बडोद्याचा पावसाळा पुडीचा वैरी आहे. डबा उघडा राहिला तर पूड ढेकळं धरते. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा काचेचा डबा, अंधारात, शेगडीपासून लांब. फ्रिजमध्ये ठेवू नका, ती कांदा-कोथिंबिरीचा वास ओढून घेते. फ्रीजरमध्ये ठेवायचीच असेल तर अख्खं बी, छोट्या छोट्या पुड्यांत, हवा काढून. एक पुडी काढली की ती बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडा आणि परत आत टाकू नका.

खरंच साठवायची असेल तर कच्चं बी साठवा. नवा माल फेब्रुवारी-मार्चनंतर येतो तेव्हा दोन-तीन किलो हिरवं बी घेतलं तर कोरड्या जागी आठ-दहा महिने आरामात टिकतं. जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझी पोती माळ्यावर होती म्हणून वाचली.

कच्चं बी घरी भाजता येतं. लोखंडी कढई, मध्यम आच, दोनशे ग्रॅमच्या वर नाही, आणि उलथनं हातातून सोडायचं नाही. आधी हिरवं पिवळट होतं आणि ओल्या गवताचा वास येतो. मग दालचिनीचा रंग येतो, साल सुटून उडायला लागते, म्हणून हे गॅलरीत करा, स्वयंपाकघरात नाही. दहा-बारा मिनिटांनी तडतड सुरू होते, एक, दोन, मग सगळीच. तडतड थांबत आली की फिल्टरसाठी आणखी मिनिट-दीड मिनिट. बियांवर तेल चमकायच्या आत उतरवा आणि लगेच चाळणीत ओतून पंख्याखाली गार करा. कढईत ठेवलीत तर स्वतःच्या उष्णतेनं ती करपते. भाजल्यावर एक दिवस थांबा, मग दळा.

कमी पुडीत डिकॉक्शन दाट कसं काढायचं

बहुतेक घरांत पूड वाया जाते ती इथे. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड घातली की ती पसरवून दट्ट्यानं हलकेच दाबा. फार दाबली तर पाणी उतरत नाही, मोकळी सोडली तर पाणी सरसर खाली जातं आणि चहासारखं पातळ निघतं. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी फक्त पूड भिजेल इतकंच घाला, ती फुगते. ताजी असेल तर बुडबुडे येतात, शिळी असेल तर येत नाहीत, तेव्हा भाजल्याच्या तारखेची शहानिशाही इथेच होते. मिनिटभरानं बाकीचं पाणी गोल फिरवत घाला, झाकण लावा आणि पंधरा-वीस मिनिटं त्याला हात लावू नका. फिल्टरवर थापट्या मारणारे लोक मी बघितलेत, त्यानं पूड खाली उतरते, डिकॉक्शन नाही. उतरायला अर्ध्या तासाच्या वर लागत असेल तर दळण फार बारीक आहे, पुढच्या वेळी जाड करून मागा.

पहिलं उतरल्यावर त्याच पुडीवर थोडं कमी पाणी घालून दुसरं काढा. ते पातळ असतं, पण उकळून करायच्या जायफळाच्या कॉफीत दुधाबरोबर घातलं तर नवी पूड निम्मीच लागते. डिकॉक्शन गरम करायचं नाही, दूध कडकडीत करून त्यात घालायचं. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशीपर्यंत. चोथा वाळवून कुंडीत घाला, पण जाड थर देऊ नका, बुरशी धरतो.